रुक्मिणचं पाणी

गुरुवार होता. आमच्या गंगाखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती, आणि मी एका मुलीच्या ब्युरेटजवळ उभी राहून तिला सांगत होते की घाई करू नको, शेवटी थेंब थेंब सोड. तेवढ्यात शेख सरांचा फोन आला. शेख सर म्हणजे परभणीच्या ज्या महाविद्यालयात माझी मैत्रीण रुक्मिण शिकवायची तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तिच्या पाणी गाळायच्या प्रत्येक यंत्राच्या जोडणीत त्यांचा हात असायचा. कामाच्या वेळी ते मला कधी फोन करत नाहीत, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले. ते म्हणाले, “मॅडम, रुक्मिण मॅडम गेल्या.” मी म्हटलं, “कुठं? वस्तीवर? आज तर गुरुवार आहे.” मी पुन्हा विचारलं, “सर, कुठं गेल्या?” मग ते नुसतं “गेल्या, मॅडम…” म्हणाले आणि मी “बरं” म्हटलं. खरंच, “बरं” म्हटलं मी, आणि फोन ठेवला. आत जाऊन त्या मुलीनं ब्युरेटवर घेतलेलं वाचन तपासलं, तिच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी तो कागद दाखवला तेव्हा कळलं, सहीच्या जागी मी दोनदा तारीख लिहिली होती.

आज सात आठवडे झाले. अजूनही मला तो गुरुवार सलग आठवत नाही. परभणीला मी रेल्वेनं गेले की एस.टी.नं, हेसुद्धा सांगता येत नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा शेख सर जिन्यात उभे होते. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की दुसरा तास घेऊन ती स्टाफरूममध्ये आली, “डोकं लय दुखायलंय सर, जरा पाणी द्या” म्हणाली, आणि ते माठातून पाणी घेऊन वळेपर्यंत तिचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं. बेचाळीस वर्षांची बाई. तिला कधी साधा ताप आलेला मी पाहिला नव्हता. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. आत एक परिचारिका स्पिरिटच्या बोळ्यानं तिच्या उजव्या हाताची बोटं पुसत होती, कारण त्यांवर तपकिरी डाग होते. मी तिला म्हटलं, “ताई, ते निघणार नाही. परमँगनेटचे डाग आहेत ते. आठ दिवसांत आपोआप जातात.” तिनं हातातला बोळा खाली ठेवला. मग मला कळलं, मी काय बोलले ते… आठ दिवस.

आमची ओळख परभणीच्या मुलींच्या वसतिगृहातली. मी सेलूची, वडील तिथं कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. ती राणीसावरगावजवळच्या एका वस्तीवरची. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या लोकांच्या मुलामुलींची लग्नं जमायची आहेत. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. तेवढे महिने रुक्मिण शेजारच्या सोजरमायकडं राहायची. सोजरमाय नात्यानं कुणी नव्हती, पण तिनं हिला शाळेत धाडली, परीक्षेच्या दिवसांत हिच्या वाट्याचं शेण-पाणी स्वतः केलं. पुढे आई वारली, वडील थकले, उसाच्या फडावर जायचं थांबलं. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो.

वसतिगृहात पहिले काही महिने मला एक गोष्ट खटकायची. रुक्मिण हसताना तोंडावर पालथा हात धरायची. तिच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. मी मूर्खासारखं एकदा विचारलं, “तुमच्याकडं लहानपणापासून मिश्री लावतेत का गं?” ती रागावली नाही. म्हणाली, “आमच्या वस्तीत समद्यांचेच असे हायेत.” तिसऱ्या वर्षाला पाण्याच्या रसायनशास्त्राचा तास होता. सर फ्लोराइडबद्दल सांगत होते. बोअरच्या पाण्यात ते जास्त असलं की आधी मुलांच्या दातांवर पट्टे येतात, मग वर्षानुवर्षांनी हाडं धरतात, गुडघे आखडतात, पाठ वाकते. रुक्मिण माझ्या शेजारी बसून उतरवून घेत होती. मध्येच तिचं लिहिणं थांबलं. त्या संध्याकाळी ती मेसमध्ये ताटावर नुसती बसून राहिली आणि मला म्हणाली, “उज्ज्वला, आबांचे गुडघे ऊस तोडून न्हाई गेले गं.” मी विचारलं, “मग?” ती म्हणाली, “सोजरमाय जन्मात कधी फडात गेली न्हाई. तिचेबी गुडघे तसेच हायेत.”

त्या दिवसापासून तिनं तोंडावर हात धरणं सोडलं. कुणी दातांकडं टक लावून बघितलंच, तर न विचारता सांगायची, “पाण्यानं झालेत.”

पुढं ती हैदराबादला संशोधनाला गेली आणि तिथं तिला ग्रॅफीन भेटलं. भेटलं असंच ती म्हणायची. सुट्टीत माझ्याकडं आली होती तेव्हा तिनं माझ्या मुलाची पेन्सिल घेऊन कागदावर जाड रेघ ओढली आणि म्हणाली, “ह्या शिशात कार्बनचे पापुद्रे असतात, एकावर एक. त्यातला एकच पापुद्रा सोडवला, एका अणूच्या जाडीचा, की ते ग्रॅफीन. आणि त्यावर जरा रासायनिक प्रक्रिया करून असे हजारो पापुद्रे एकमेकांवर बसवले की पडदा तयार होतो. पापुद्र्यांच्या मधल्या फटीतून पाणी जातं, पण पाण्यात विरघळलेलं क्षार-फ्लोराइड अडतं. ते अंगाभोवती पाण्याचे रेणू गुंडाळून फिरत असतं ना, फटीपेक्षा जाड होऊन बसतं.” मी म्हटलं, “पण फ्लोराइड काढायची यंत्रं तर बाजारात आहेत.” ती म्हणाली, “वस्तीवर एक बसवलं होतं की. गाळलेल्या पाण्याहून जास्त पाणी ते मोरीत सोडायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाया ते यंत्र कसं चालवतील? एका वर्षात बंद पडलं. आता त्यात कोंबड्या बसायलेत.” तिला कमी दाबावर, हातपंपाच्या जोरावर चालणारा, पाणी फारसं वाया न घालवणारा पडदा पाहिजे होता.

हैदराबादला तिला राहता आलं असतं. ती परभणीला परत आली, शिकवायला लागली आणि महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला एका जुन्या खोलीत तिनं प्रयोगशाळा थाटली. आबांना ते पटलं नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी विचारलं होतं, “हैद्राबाद सोडून परभनीत कामून आलीस?” ती म्हणाली, “आबा, तिथलं पानी चांगलं हाय.”

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात तिचा पडदा निवडला गेला आणि पहिलं यंत्र तिच्याच वस्तीवर बसलं. त्या दिवशी मी तिथं होते. यंत्राला हार घातला होता, एका वार्ताहरानं फोटो काढले. पहिला पेला सोजरमायला दिला. तिनं एक घोट तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाली, “गोड हाय गं.” आबा त्या दिवशी नवं धोतर नेसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बळंच पाणी पाजत होते. रुक्मिण मात्र एका कोपऱ्यात परीक्षानळ्यांचा खोका मांडून बसली होती. तिच्याकडं एक लालसर द्रावण असायचं. पाण्याच्या नमुन्यात ते घातलं आणि रंग लालच राहिला तर पाणी पिण्याजोगं, पिवळा पडला तर फ्लोराइड आहे. त्या दिवशी सगळ्या नळ्या लाल होत्या.

दोन महिने लाल राहिल्या. मग एका शुक्रवारी तिचा मला फोन आला. आवाज अगदी सपाट. “उज्ज्वला, पिवळं झालंय.”

झालं असं होतं की सतत पाण्यात राहून पडद्याचे पापुद्रे फुगले होते. भिजलेल्या पोह्यासारखे. मधल्या फटी रुंदावल्या आणि फ्लोराइड त्यातून आरपार जायला लागलं. ह्या पडद्यांचा हा दोष संशोधकांना माहीत होता. आपण तो आवरलाय असं तिला वाटलं होतं. प्रयोगशाळेत तो आवरलेला होता, वस्तीवर नाही. तिनं प्रकल्पाच्या प्रमुखांना फोन केला. मी त्या वेळी तिच्याजवळ पोचले होते, म्हणून ऐकू आलं. ते म्हणाले, “अंतिम अहवाल जाऊ द्या, मग बघू. महिन्या-दीड महिन्यानं काय फरक पडतो? वर्षानुवर्षं तेच पाणी पितायत की ते लोक.” रुक्मिण म्हणाली, “सर, आधी ते बोअरचं म्हणून पीत होते. आता माझं म्हणून पितायत.”

रविवारी सकाळी तिनं वस्तीवरच्या शाळेच्या ओट्यापुढं सगळ्यांना बोलावलं. मी तिच्यामागं उभी होते. लोकांना वाटलं दुसरं यंत्र येणार असेल. तिनं काही प्रस्तावना केली नाही. “हे पानी आजपासून पिऊ नका. पडदा बिघडलाय. मला आधीच कळायला पाहिजे व्हतं, परवा कळलं. चूक मपली हाय.” मग तिचाच एक चुलतभाऊ उठला. “मंजी इतके दिस आमी काय प्यायलाव?” ती म्हणाली, “आधी चांगलं. मागचे काही दिवस, बोअरचं व्हतं तसंच.” तो ओरडला, “आमच्यावर परयोग केलास व्हय गं?” मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते… समजावून, शास्त्रीय भाषेत. रुक्मिण म्हणाली, “हाव.”

तेवढंच, नुसतं हो. तिनं “पण” म्हटलं नाही, “तुमच्याच भल्यासाठी” म्हटलं नाही. लोक उठून गेले. आबा खाली मान घालून बसले होते, तेही उठून गेले. सोजरमाय तेवढी राहिली. ओट्याची कड धरून उठत तिनं विचारलं, “पहिले दोन महिने तर खरंच चांगलं व्हतं ना?” “हाव, माय.” “मग आन परत.”

प्रकल्प तिच्या हातून गेला. यंत्र उचलून नेलं. आबा चार महिने तिच्याशी बोलले नाहीत. इज्जत गेली म्हणायचे. ती मात्र सुट्टी मिळेल तेव्हा वस्तीवर जायची, आबांच्या दारात बसायची, चहा मिळाला तर प्यायची, नाही मिळाला तर सोजरमायकडं जेवून परत यायची. आणि उरलेला सगळा वेळ त्या मागच्या खोलीत. ती एकदा मला म्हणाली होती की वाकळीला टाके घातले नाहीत तर आतल्या चिंध्या सरकून गोळा होतात, तसे ह्या पापुद्र्यांनाही टाके पाहिजेत. तिला असा रेणू शोधायचा होता जो दोन पापुद्र्यांना दोन्हीकडून धरून ठेवील, म्हणजे पाणी कितीही मुरलं तरी फट वाढणार नाही. एक धरला, तर पाणीच जाईना. दुसरा धरला, तर पडदा कागदासारखा तडकायचा. शेख सर सांगतात, वाया गेलेले पडदे ती फेकून द्यायची नाही, प्रत्येकाच्या पाकिटावर काय चुकलं ते लिहून ठेवायची. अशी पाकिटं दोन लोखंडी कपाटांत मावेनाशी झाली. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी जमलं. पडदा महिनोन्‌महिने पाण्यात राहिला आणि फुगला नाही. शेख सरांनी मला फोन करून सांगितलं. तिनं सांगितलं नाही.

ह्याच गोष्टीवरून आमचं भांडण झालं, आणि तीच आमची शेवटची भेट. त्या गुरुवारच्या आधीच्या आधीचा शनिवार. मी तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. मी म्हटलं, “सगळं जमलंय, तर वस्तीवर का नेत नाहीस?” ती म्हणाली, “नेऊ की. होळी होऊ दे.” मी म्हटलं, “दिवाळीत म्हणालीस संक्रांत होऊ दे, आता होळी. सोजरमायचं वय काय झालंय तुला माहीत आहे ना? तू भ्यायलीस रुक्मिण. त्या ओट्याला भ्यायलीस.” ती माझ्याकडं बघून म्हणाली, “हाव. भ्यायले.” मला राग आला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. माझ्यासाठी मागवलेला चहा तसाच टेबलावर ठेवून मी निघून आले. नंतर फोनही केला नाही. म्हटलं, होळीला बघू.

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी आम्ही तिघं तिच्या भाड्याच्या दोन खोल्या उघडायला गेलो. आबा, शेख सर आणि मी. तिनं लग्न केलं नव्हतं. सामान फार नव्हतं. बाहेरच्या खोलीत पुस्तकं, कॉट. आबा कॉटच्या कडेवर टेकले. मी आत स्वयंपाकघरात गेले आणि जागीच उभी राहिले. ओट्याच्या वर, लोखंडी मांडणीवर एक लहानसं यंत्र जोडलेलं होतं. हातानं दाबायचा पंप, मधे पडद्याची डबी, खाली स्टीलची टाकी आणि तिची तोटी. तोटीखाली पेला उपडा घातलेला. मांडणीच्या बाजूला भिंतीशी वीस-वीस लिटरचे निळे कॅन रांगेनं. शेख सर म्हणाले, “हे तर मला माहीत नाही. हे मी जोडलेलं नाही.” तोवर आबा काठी टेकत आत आले होते. कॅन बघून ते म्हणाले, “हे माझेच की. दर सोमवारी मी भरून एष्टीत ठेवायचो. वस्तीवरल्या बोअरचं पानी. तपासायला पाहिजे म्हनायची.”

भिंतीवर ह्या वर्षीची दिनदर्शिका होती, तिच्यामागं मागच्या वर्षीचीही तशीच टांगलेली. रोजच्या चौकोनात रुक्मिणनं बारीक आकडा लिहिला होता. सात, आठ, नऊ, कधी सहा. मला आधी काही उमगेना. एक-एक पान मागं उलटत गेले, तशी जूनच्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, तिच्या अक्षरात ओळ सापडली. “आजपासून पिण्याचं पाणी फक्त हेच. रोजचे पेले लिहायचे.” शेवटचा पूर्ण दिवस बुधवारचा होता. गुरुवारच्या चौकोनात एक होता. सकाळचा एक पेला.

आठ महिने. आठ महिने ती त्या बोअरचं पाणी आपल्या पडद्यातून गाळून पीत होती, आणि आमच्यातल्या एकालाही बोलली नव्हती. एकदा लोकांना पाजून चुकली होती. पुन्हा कुणाला द्यायच्या आधी स्वतः पिऊन बघायचं ठरवलं होतं तिनं. आणि मी तिला… तू भ्यायलीस म्हटलं होतं.

“काय लिवलंय?” आबांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही. मला खोटं बोलता आलं असतं. शेख सर माझ्याकडं बघून मान हलवत होते, नको म्हणून. पण त्या घरात, त्या अक्षरासमोर मला खोटं बोलवलं नाही. मी सांगितलं. आबा हळूहळू खाली बसले, भिंतीला पाठ लावून, पाय पुढं पसरून, कारण त्यांचे गुडघे दुमडत नाहीत. एका कॅनवर हात ठेवून म्हणाले, “मी भरून दिलं गं… माझ्या हातानं. दर सोमवारी.” आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो माझ्या मनात त्या आधीच येऊन गेला होता आणि ज्याची मला स्वतःचीच भीती वाटली होती. “त्या पान्यानंच गेली का?”

मी रसायनशास्त्र शिकवते. पडद्याचा एखादा बारीक कण सुटून पाण्यात उतरू शकतो का, तो करताना वापरलेल्या परमँगनेटमधलं मँगनीज त्यात राहिलं असेल का, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही आबांना घेऊन डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. रक्तवाहिनीची भिंत एका जागी जन्मापासून कच्ची असते, फुगा धरते, कुणालाही पत्ता लागत नाही आणि एके दिवशी फुटते; खाण्यापिण्याशी ह्याचा संबंध नाही. आबांनी तेच तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले, आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “बाबा, पाण्यानं असं होत नाही.” आबा म्हणाले, “तुमी शिकलेले हाव. पर पानी मी भरलं व्हतं.”

शेख सरांनी टाकीत उरलेलं पाणी दोन वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांकडं धाडलं. आमची नावं कळवली, तिचं नाही. ते पंधरा-वीस दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. वस्तीवर तोवर बातमी गेलीच होती. तिच्याच यंत्राचं पाणी पिऊन गेली, असं लोक बोलायला लागले होते. अहवाल आले. फ्लोराइड पिण्याच्या मर्यादेच्या आत. मँगनीज नाही. पडद्याचे कण नाहीत. दोन्हीकडून तेच. शेख सर फोनवर एक-एक ओळ वाचत होते आणि मी वर्गाबाहेर भिंतीला कपाळ टेकवून ऐकत होते. तिचा पडदा चांगला होता… आणि ती गेली होती. ह्या दोन गोष्टी मला आजही एकत्र धरता येत नाहीत.

आम्ही ते कागद घेऊन वस्तीवर गेलो. होळी होऊन गेली होती. निम्मी घरं अजून कुलपात होती, माणसं फडावर. होती तेवढी त्याच शाळेच्या ओट्यापुढं जमली. मी अहवाल वाचून दाखवला, सोप्या भाषेत सांगितला. लोक ऐकत होते, पण चेहरे बंद. तोच चुलतभाऊ म्हणाला, “बाई, कागद तवाबी चांगलाच व्हता.” त्याचं बरोबर होतं. मग आबा उठले. दोन्ही हातांनी काठीवर भार देऊन उभे राहायला त्यांना वेळ लागला. ते म्हणाले, “कागदाचं मला समजत न्हाई. पर माझी पोर चुकली तवा हितंच उभी राहून, मी चुकले म्हनली. मी चार महिने तिच्यासंगं बोललो न्हाई. आता चुकली असती, तर तवासारखीच आली असती सांगायला. ती गप प्यायली. मंजी पानी चांगलं हाय.”

मग ते आमच्याकडं वळले. आबा म्हणाले, “यंत्र माझ्या घरी बसवा. मी पितो. तुमी बगा.”

तसं ठरलं. महिनाभर फक्त आबांनी प्यायचं, दर आठवड्याला शेख सरांनी किंवा मी येऊन पाणी तपासायचं, मग बाकीच्यांनी. सोजरमायनं हे ठरलेलं एक दिवससुद्धा पाळलं नाही. दुसऱ्याच सकाळी तांब्या घेऊन दारात. आबा म्हणाले, “महिना थांब की.” ती म्हणाली, “महिना मोजायला मी राहीन का? सर बाजूला.” आबा सरकले.

आम्ही यंत्र बसवलं त्या दिवशीची गोष्ट. मांडणी भिंतीला लावताना टाकीची मागची बाजू पुढं आली, आणि तिथं एक कागदाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. परभणीच्या घरात ती बाजू भिंतीकडं होती, म्हणून आमच्या नजरेला पडली नव्हती. आबांनी विचारलं, “हे काय हाय?” मी वाचलं. “हे पाणी कुणीही पिऊ नये. हे फक्त माझ्यासाठी आहे. रुक्मिण.” कामवाली बाई किंवा कुणी पाहुणा चुकून पिईल, म्हणून लावली असेल. आबा बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिले, जणू बघून बघून ती वाचता येतील. मी चिठ्ठी काढायला नख घातलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

आता फडावरून माणसं परत यायला लागली आहेत. शाळेत जाणारी पोरं आबांच्या घरी येतात, ती ओळ मोठ्यानं वाचतात आणि विचारतात की आबा, पिऊ नये लिवलंय, मग तुमी कामून प्यायलाव? आबा त्यांना बसवून सगळं सांगतात, दर वेळी पहिल्यापासून. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा ओलाव्यानं त्या कागदाच्या कडा सुटायला लागल्या होत्या. आबांनी दुकानातून चिकटपट्टी आणवली होती. ती दातांनी तोडून, ते एकेक कड दाबून बसवत होते.